केना तणाची रंध्रं अखेर उघडली: दोष पोटॅशचा नव्हता, बोअरच्या पाण्याचा होता

केना या तणाच्या पानाचा पापुद्रा पोटॅशच्या (पोटॅशियम क्लोराईडच्या) द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं उघडताना बघायची, हे मागच्या तीन नोंदींपासून अडलेलं काम आज सुटलं. पापुद्र्यातली रंध्रं उजेडात मस्त उघडली. आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) पट्टीवर फट 4 रेघा, म्हणजे 40 च्या भिंगाखाली साधारण 10 मायक्रॉन. आतापर्यंत फट एका रेघेच्या पुढे जात नव्हती.

संशय आधी पोटॅशवर होता. कृषी केंद्रातलं लाल पोटॅश गाळूनही गढूळच राहतं, त्यात सोडियमची भेसळही असते. पांढरं आणलं, दिवा बदलला, फरक पडला नाही. मग बोअरच्या पाण्याचा कॅल्शियम हार्डनेस तपासला: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 180 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 1.8 मिलिमोलर कॅल्शियम. सगळं कोडं तिथेच होतं.

रंध्र उघडायला रक्षकपेशीतला (रंध्राच्या कडेच्या पेशीतला) प्रोटॉन पंप चालावा लागतो. निळ्या उजेडाने तो हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो, पेशीच्या आतली बाजू जास्त ऋण होते आणि पोटॅशियम आत घेणारे चॅनल (पेशीच्या पडद्यातल्या वाटा) उघडतात. पोटॅशियमबरोबर क्लोराईड आणि मॅलेट साठतं, पाणी ओढलं जातं, पेशी फुगते. बाहेर कॅल्शियम भरपूर असलं की ते पेशीत शिरतं. पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढलं की आत घेणारे पोटॅशियम चॅनल दबतात आणि ऋणायन (क्लोराईडसारखे ऋण आयन) बाहेर सोडणारे उघडतात. हे 1989 मध्ये बाकल्याच्या रक्षकपेशींवर दाखवलं गेलं आहे. थोडक्यात, पोटॅशियम क्लोराईड कितीही ओता, दार आतूनच लागलेलं असतं.

चाललेली कृती: बॅटरीत भरायचं क्षारमुक्त पाणी 100 मिली (दुकानात शेजारीच आम्लाची बाटली असते, लेबल वाचूनच घ्या), पोटॅशियम क्लोराईड 0.37 ग्रॅम. सोनाराचा 0.01 ग्रॅमचा काटा पुरतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीतला केना सूर्य उगवायच्या आत तोडायचा. पान मोडून खालच्या बाजूचा पापुद्रा अगदी तिरका, सावकाश ओढायचा. हिरवा गर चिकटला तर तो तुकडा टाकून द्या. आतली बाजू द्रावणाला टेकवून एलईडीखाली 3 तास. बल्ब नको, द्रावण तापतं. पेट्रीडिशवर वाकून श्वास सोडू नका, कार्बन डायऑक्साइडनेही रंध्रं मिटतात.

पोटॅशऐवजी मीठ घालायचा मोह टाळा. केन्याच्या भावकीतल्या कॉमेलिना कम्युनिसमध्ये सोडियमने रंध्रं उघडतात, पण मग अंधाराला आणि अ‍ॅब्सिसिक आम्लाला (रंध्रं मिटवणाऱ्या वनस्पती-संप्रेरकाला) नीट दाद देत नाहीत.

पुढे अ‍ॅब्सिसिक आम्ल मागवून 10 मायक्रोमोलरवर मिटवणी बघायची होती. ते महाग. पण हे लिहिताना सुचलं, मिटवणारं द्रावण तर घरच्या नळातच आहे! उघडलेला पापुद्रा बोअरच्या पाण्यात केलेल्या त्याच ताकदीच्या पोटॅश द्रावणात हलवायचा आणि दर 10 मिनिटांनी 20 रंध्रं मोजायची.

एक अडचण आहे. बोअरचं पाणी अल्कधर्मीही असतं, आणि हे पोटॅशियम चॅनल बाहेर थोडं आम्ल असलं की जास्त चालतात. म्हणून रंध्रं कॅल्शियमनेच मिटतात का हे कळायला, नुसत्या बॅटरीच्या आणि बोअरच्या पाण्याच्या दोन डिशबरोबर तिसरी डिश हवी: बॅटरीचं पाणी, तेवढंच पोटॅश आणि वर 1.8 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड (निर्जल असेल तर लिटरला 0.2 ग्रॅम). चौथी, टिनावरून धरलेल्या पावसाच्या पाण्याची. ते चाललं तर बॅटरीच्या पाण्याचा खर्चही वाचेल, फक्त पहिल्या सरीचं धुळीचं पाणी घ्यायचं नाही. केना फुलावर आला आहे, निंदणाआधी चारही डिश एकाच दिवशी लावायच्या आहेत.