तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन बर्फात पाहुणे कशाला बोलावता?

कॅनडाच्या राजधानीत, ऑटवात, राहायला लागल्यापासून हा प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सॲपवर, पुण्यात कुणाच्या लग्नाला गेले की पंगतीत, सगळीकडे येतो. अगं उणे वीसमधे कोण फिरतं, जूनमधे बोलव की लोकांना, हिरवंगार असतं, नाहीतर मेमधे ट्युलिप बघायला बोलव, फेब्रुवारीत तू दाखवणार काय त्यांना? दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगते, आज नीट लिहिते. माझं म्हणणं एवढंच की ज्याला हे गाव खरंच दाखवायचंय त्याला जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत बोलवा, कारण या गावानं सगळ्यात जास्त डोकं चालवलंय ते थंडीवर, आणि उन्हाळ्यात आलेल्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी मैत्रीण आली होती. आम्ही दोघी कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला एकत्र होतो, मी इकडे आले, ती इरिगेशनला लागली, आणि तिची सगळी नोकरी कॅनॉल, गेट, आवर्तनं (शेताला पाळीनं पाणी सोडणं) आणि पाणी सोडा म्हणून ऑफिसात येऊन बसणारे शेतकरी यातच गेली. सातारा जिल्ह्यात बर्फाचं अप्रूप किती ते तिकडच्यांना सांगायला नको, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि पुण्यामुंबईच्या गाड्या घाट चढायला लागतात. तिनंही लहानपणी वडिलांबरोबर पहाटे जाऊन ते बघितलेलं आहे, जीपच्या टपावरचा पातळ थर नखानं खरवडून. बर्फाशी तिची ओळख एवढीच.

पहिल्या दिवशी पाहुण्याला कुठेही नेऊ नका. जेटलॅगमुळे रात्री तीनला टक्क जाग येतेच, तर त्यावेळी खिडकीचा पडदा उघडा ठेवा. ती आली त्या रात्री स्नो पडत होता, मी पाणी प्यायला उठले तर ही बाई शाल गुंडाळून हॉलच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेली, आणि खाली रस्त्यावर प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, फिरत होता. मग तिथेच चहा केला आणि मी तिला सगळं सांगत बसले, की रात्रीत बराच स्नो पडायचा अंदाज असला तर रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते म्हणजे प्लाऊला मोकळा रस्ता मिळतो, मीठ टाकतात पण उणे अठराच्या खाली मीठ फारसं काम करत नाही म्हणून मग खडी टाकतात, आणि कडेला साठलेले ढीग फार वाढले की रात्री मशिन लावून ट्रकमधे भरून गावाबाहेरच्या ठरलेल्या जागांवर नेऊन ओततात, तिथे त्याचे डोंगर होतात आणि उन्हाळा लागला तरी ते वितळत असतात. तिचा पहिला प्रश्न काय असेल? वितळलेलं पाणी कुठे सोडतात आणि त्यातल्या मिठाचं काय करतात. असा पाहुणा मिळायला नशीब लागतं. आम्हाला सकाळचे सहा वाजले बोलता बोलता.

कपड्यांचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच मनावर घ्यायचं, आणि पाहुण्याला आधीच सांगायचं की भारतातून काही विकत आणू नकोस. आपल्याकडून माणसं दोन जाड स्वेटर आणि जीन्स घेऊन येतात. आतला थर सुती असला की चालताना आलेला घाम तो धरून ठेवतो आणि पाच मिनिटं थांबलं की तेच ओलं कापड अंगाला गार लागायला लागतं, म्हणून आत पॉलिस्टर किंवा लोकरीचं थर्मल, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जाड जॅकेट. हे सगळं ओळखीपाळखीत उसनं मिळतं, आमच्याकडे तर जॅकेटं आणि बूट घरोघर फिरतच असतात. बूट एक नंबर मोठे, आत पाय हलला पाहिजे कारण अडकलेली हवाच ऊब धरते. हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा मिटन, म्हणजे अंगठा सोडून बाकी बोटं एकाच कप्प्यात राहतात ते घ्या, बोटं एकमेकांना चिकटून राहिली की गरम राहतात. आणि झोपताना नाकपुड्यांना आणि ओठांना व्हॅसलिन किंवा तूप, कारण हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की नवीन माणसाच्या नाकातून रक्त येतं आणि तो घाबरतो. हे आधी सांगून ठेवलं की घाबरत नाही.

अजून एक सांगून ठेवायचं असतं ते उन्हाबद्दल. आपण वाढलोय अशा ठिकाणी जिथे ऊन म्हणजे गरम, आणि इथे जितकं आभाळ निळं आणि ऊन लख्ख तितकी थंडी जास्त, कारण ढग नसले की रात्रीत जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते आणि शिवाय अशा दिवसांत उत्तरेकडची कोरडी हवा खाली उतरलेली असते. स्नो पडतो तो दिवस उलट बरा असतो, उणे पाचसात. पाहुणे नेमके स्नो पडताना घरात बसतात आणि ऊन बघून उत्साहानं बाहेर पडतात, त्यामुळे फिरायचा कार्यक्रम आभाळ बघून ठरवू नका, थर्मामीटर आणि वारा बघून ठरवा. पण त्या लख्ख उन्हात एखाद्या सकाळी हवेत बर्फाचे बारीक स्फटिक तरंगत असतात आणि सूर्याच्या डावी-उजवीकडे दोन उजळ ठिपके दिसतात, तीन सूर्य असल्यासारखं वाटतं. तिला हे पार्किंगमधे दिसलं, मी गाडीच्या काचा साफ करत होते आणि ती नुसती वर बघत उभी, शेवटी मीच तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

आता कॅनॉल. मी ज्यासाठी फेब्रुवारी फेब्रुवारी करते ते हे. रिडो कॅनॉल ऑटवापासून किंग्स्टनपर्यंत 202 किलोमीटर, नद्या आणि तळी एकमेकांना जोडून केलेला जलमार्ग, 1826 ते 1832 मधे कर्नल जॉन बाय या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरच्या हाताखाली बांधला, कारण अमेरिकेबरोबर 1812 चं युद्ध होऊन गेलं होतं आणि सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग शत्रूनं अडवला तर रसद न्यायला दुसरी वाट हवी होती. पुढे युद्ध झालंच नाही आणि कॅनॉल राहिला. 2007 पासून तो जागतिक वारसा आहे. हिवाळ्यात त्याचा गावातला 7.8 किलोमीटरचा भाग गोठवून स्केटिंगसाठी उघडतात, 1971 पासून, तिकीट नाही, रात्रंदिवस खुला. इथल्या मुलांना त्यात विशेष वाटत नाही कारण ती त्यावरच वाढली. सकाळी पाठीला बॅग लावून ऑफिसला स्केटिंग करत जाणारी माणसं तुम्हाला दिसतील, बाळांना स्लेजमधे बसवून ढकलत नेणारे आईबाप दिसतील, आणि ऐंशीच्या पुढची आजीआजोबांची जोडी हात धरून तुमच्या दुप्पट वेगानं पुढे जाईल.

माझ्या मैत्रिणीला स्केटिंगपेक्षा बर्फ कसा तयार करतात यात रस. ते खरंच ऐकण्यासारखं आहे. ऑक्टोबरात बोटींचा हंगाम संपला की कॅनॉलचं पाणी उतरवतात, मग स्केटिंगला हवी त्या लेव्हलला आणून ठेवतात, आणि कडक थंडीचे सलग दहापंधरा दिवस मिळाले की थर धरायला लागतो. चांगल्या प्रतीचा 30 सेंटीमीटर बर्फ झाल्याशिवाय उघडत नाहीत. मधे स्नो पडला तर तो लगेच बाजूला करावा लागतो, कारण भुसभुशीत स्नोमधे हवा असते, तो वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि थर वाढायचा थांबतो. आणि मग रात्री भोक पाडून खालचं पाणी पंपानं वर घेतात आणि पसरवतात, ते गोठतं, पुन्हा पसरवतात, असा थर चढवत जातात. ती म्हणाली, "म्हणजे हे पण आवर्तनच की गं, फक्त शेतावर सोडायच्या ऐवजी कॅनॉलवरच सोडतात." तिथे काम करणाऱ्या एकाला गाठून तिनं अर्धा तास प्रश्न विचारले, माझे पाय बधिर झाले तरी ही हलेना, आणि तो माणूसही इतका खूष झाला की थराची जाडी मोजायला पाडलेलं भोक दाखवायला घेऊन गेला.

स्केट घालून ती थोडी उभी राहिली, मग गुडघे नको म्हणाले, तर भाड्यानं स्लेज मिळते ती घेतली आणि मी तिला ढकलत कॅनॉलवरच्या डाउज लेक या तलावापर्यंत नेलं. वाटेत टपऱ्या असतात. बीव्हरटेल म्हणून तळलेला लांबट चपटा पाव मिळतो, वर साखर-दालचिनी, आणि लिंबू पिळून देतात तो घ्या, बाकी चॉकलेट वगैरेच्या भानगडीत पडू नका. आणि मेपल टॅफी. मेपलचा पाक उकळून स्वच्छ बर्फावर ओततात, तो घट्ट झाला की काडीवर गुंडाळून हातात देतात. झाडाचा रस साधारण 40 लिटर आटवला की 1 लिटर पाक होतो. तिनं तोंडात घातला आणि काही बोललीच नाही थोडा वेळ, मग म्हणाली गुऱ्हाळातल्या काकवीसारखं लागतंय, फक्त धुराचा वास नाही.

डाउज लेकला गेल्यावर मी तिला पुढची गोष्ट सांगितली, आणि तुम्हीही पाहुण्याला सांगा, नुसते फोटो काढून परत येऊ नका. हा तलाव पूर्वी दलदल होती. कॅनॉल खणताना इथे आणि वाटेतल्या बाकीच्या दलदलींमधे मलेरियानं मजूर मेले, आयर्लंडमधून आलेले, फ्रेंच कॅनेडियन, सगळे मिळून जवळजवळ हजार माणसं गेली असं म्हणतात, त्यात अपघातही आले. कॅनडात मलेरिया, हे आपल्या लोकांना खरंच वाटत नाही. पार्लमेंटच्या शेजारी कॅनॉल ऑटवा नदीला मिळतो तिथे आठ लॉकची, म्हणजे गेटं लावून पाणी वरखाली करत बोट चढवायच्या-उतरवायच्या हौदांची, पायऱ्यांसारखी ओळ आहे, 24 मीटरचा चढउतार, अजूनही हातानं फिरवून उघडतात ती लाकडी गेटं, आणि त्यांच्याजवळ या मजुरांच्या आठवणीत केल्टिक क्रॉस, म्हणजे आयरिश पद्धतीचा दगडी क्रूस, उभा केलाय. आम्ही गेलो तेव्हा गेटं अर्धी बर्फात गाडलेली होती. तिनं गेटच्या जोडावर हात ठेवला, मग क्रॉससमोर टोपी काढून उभी राहिली, त्या थंडीत. धरणांवर आणि कॅनॉलवर खपलेल्या माणसांची नावं आपल्याकडे किती ठिकाणी लिहिली आहेत गं, असं तिनं विचारलं. मला एकही सांगता आलं नाही.

बाकी पार्लमेंटची मुख्य इमारत दुरुस्तीसाठी 2019 पासून बंद आहे, बाहेरूनच बघायची. समोरची शताब्दी ज्योत आहे, भोवती पाणी आणि मधे ज्वाला, तिच्या उबेमुळे ते पाणी हिवाळ्यात गोठत नाही, तिथे हात शेकून घ्या. विंटरल्यूड हा हिवाळी उत्सव फेब्रुवारीत असतो, बर्फाची शिल्पं बघायला रात्री जा, दिवे लावतात. वाऱ्यामुळे उणे पस्तीस वाटतंय असा एखादा दिवस येतोच, तो नदीपलीकडच्या इतिहासाच्या म्युझियमला द्या, तिथल्या मोठ्या हॉलमधे पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी लोकांचे उंचच उंच टोटेम खांब आहेत आणि काचेतून गोठलेली नदी दिसते, दिवसभर बसलात तरी कंटाळा यायचा नाही.

आणि एक दिवस घरासाठी ठेवा. आमच्याकडे संक्रांत ते रथसप्तमी कुठल्यातरी शनिवारी हळदीकुंकू असतंच. जड पार्का (टोपीचं लांब जॅकेट), त्याच्या खाली काठापदराची साडी, साडीखाली थर्मल, आणि दारात बुटांचा हा ढीग, त्यातून आपला जोड शोधायला निघताना पंधरा मिनिटं. मैत्रिणीनं कराडहून तिळगूळ आणि हलव्याचे दागिने आणले होते, इथे जन्मलेल्या एका बाळाचं बोरन्हाण त्याच दिवशी झालं. इथे राहून गेलेली माणसं हे जास्त लक्षात ठेवतात असा माझा अनुभव आहे, कारण थंडीत लोक एकमेकांच्या घरी जास्त जातात आणि गेले की लवकर उठत नाहीत.

सगळ्यांनाच बोलवा असं मी म्हणत नाही. दमा आहे, हृदयाचं दुखणं आहे, पडल्यावर हाड मोडायची भीती आहे, त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमधे बोलवा, पानांचे रंग बघतील, सुखानं फिरतील. आईवडील पहिल्यांदा येणार असतील तर तेव्हाच.

आणि हो, कॅनॉल उघडलाच नाही तर काय, हेही विचारता तुम्ही. होऊ शकतं. 2023 च्या हिवाळ्यात तो एकही दिवस उघडला नाही, सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि मला त्याचं खूप वाईट वाटलं होतं, हिवाळे बदलतायत हे तेव्हा अंगावर आलं. म्हणून तिकीट काढताना कॅनॉल धरून चालू नका. पण गल्लीगल्लीतल्या बागांमधे रिंक, म्हणजे स्केटिंगची छोटी मैदानं, असतात, बरेचसे शेजारपाजारची माणसंच करतात, रात्री कामावरून येऊन पाइप लावून पाणी मारतात, कुणी पैसे देत नाही त्यांना. कॅनॉलला लागते तितकी जाडी त्यांना लागत नाही त्यामुळे ते बहुतेक मिळतातच. संध्याकाळी पाहुण्याला तिथे न्या, जमलं तर बाजूचं फावडं उचलून दोघांनी थोडा स्नो ढकला, तासाभरात चार शेजारी बोलायला येतील.