तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग तुम्ही संविधान का धरून बसता?’

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. एकीकडचे लोक जिंकल्याच्या थाटात विचारतात, तुमचे बाबासाहेबच म्हणाले होते ना, हे संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन म्हणून? दुसरीकडे आमचीच पोरं विचारतात, तालुका कोर्टाच्या पायऱ्यांवर, पुन्हा पुढची तारीख पडली की. ताई, साहेबांनाच नको होतं ते, मग तुम्ही का धरून बसता? पहिल्यांना मी आजवर सनावळ्या सांगून गप्प केलं. पोरांना गप्प करता येत नाही, आणि करूही नये. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सनावळ्या तरीही सांगते, कारण सगळीकडे फिरतं ते अर्धंच बोलणं. 2 सप्टेंबर 1953, राज्यसभा, आंध्र राज्याच्या विधेयकावरची चर्चा. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालाच्या हाती काही अधिकार असावेत, असं बाबासाहेबांचं म्हणणं. संविधान तुम्हीच तर लिहिलंत, असं म्हटलं की ते उसळायचे. तसेच उसळले. मला सांगितलं ते मी केलं, पुष्कळसं मनाविरुद्ध केलं, जाळायची वेळ आली तर मी पहिला. आणि त्याच दमात त्यांनी बजावलं की बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांकडे काणाडोळा करून चालणार नाही, त्यांना दुखावण्यानंच सगळ्यात मोठी हानी होईल. हा दुसरा भाग कोणी पुढे पाठवत नाही. मार्च 1955 मध्ये त्याच सभागृहात त्यांना याबद्दल छेडलं, तेव्हा ते म्हणाले की देवासाठी देऊळ बांधलं आणि देव बसायच्या आत असुरांनी ते बळकावलं, तर पाडण्यावाचून दुसरं करायचं काय?

पूर्वी मी हे सगळं ‘रागाच्या भरातलं बोलणं’ म्हणून बाजूला ठेवायचे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडून दोन वर्षं झाली होती, त्यांचं मन पोळलेलं होतं, असं अशिलांना समजवायचे. आता ते मला पटत नाही. राग होताच, पण विचार जुनाच होता. 25 नोव्हेंबर 1949 ला, संविधान स्वीकारायच्या आदल्या दिवशी, संविधान सभेत त्यांनी सांगून ठेवलं होतं की संविधान कितीही चांगलं असो, राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. त्याच्या वर्षभर आधी, मसुदा मांडताना, याहून कडक बोलले. संवैधानिक नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. आणि ही भूमी मुळात लोकशाहीची नाही, तिच्यावर लोकशाहीचा नुसता वरचा थर आहे. हे म्हणणारा माणूस भाबडा नव्हता. समोरचा चांगला वागेल या भरवशावर तो राहिला नाही. कलम 17 बघा. अस्पृश्यता नष्ट केली एवढं म्हणून ते कलम थांबत नाही, ती पाळणं हा गुन्हा ठरवतं. थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्क देणारं कलम 32 त्यांना संविधानाचा आत्मा वाटायचं, तेही याच कारणानं. माणसाच्या स्वभावाची ज्याला धास्ती आहे, तोच असा दरवाजा ठेवतो.

इथवर मी ठाम आहे. पुढचं अवघड आहे.

आमच्या भागातल्या एका वस्तीच्या स्मशानभूमीची वाट एका उसाच्या शेताच्या बांधावरून जाते. वहिवाट जुनी, कुणाच्या आठवणीपलीकडची. एका वर्षी बांधावर काट्या पडल्या आणि वाट बंद झाली. मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5, म्हणजे अडवलेली वाट खुली करून घ्यायला तहसीलदाराकडे दाद मागायची सोय, आमचं रोजचं काम. दावा टाकला, स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, वाट खुली करायचा हुकूम मिळाला. वस्तीत पेढे वाटले. मग वर फेरतपासणीचा अर्ज गेला आणि हुकमाला स्थगिती आली.

त्या स्थगितीत, आषाढात, वस्तीतली एक म्हातारी गेली. मला फोन आला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मी पोचले तर पोरं काट्यांपाशी उभी, हातात कोयते. म्हातारीचा नातू सगळ्यात पुढे. पलीकडे शेतमालकाची माणसं. पोलीस पाटील दोन्हीकडे हात जोडत होता. काही जण म्हणत होते, तिरडी तहसीलसमोर नेऊन ठेवू. नातवानं मला एवढंच विचारलं, ‘‘ताई, उपसू का?’’

मी नाही म्हटलं. स्थगिती आहे, ती मोडली तर दावा हातचा जाईल, आणि कोयत्यावर गेलं तर उद्या तुरुंगात तुम्हीच असाल, हे सांगितलं. आणि महाडच्या चवदार तळ्याचंही सांगितलं. डिसेंबर 1927. मार्चमध्ये एकदा पाणी पिऊन झालेलं, हजारो माणसं पुन्हा जमलेली, मनुस्मृती जाळून झालेली, आणि तळ्यावर जायला कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम हातात पडलेला. बाबासाहेबांनी तो मानला. जमलेल्यांना समजावून सत्याग्रह पुढे ढकलला, तळ्याला वळसा घालून मिरवणूक परत नेली. ज्या हातांनी ग्रंथ जाळला, त्याच हातांनी कोर्टाचा कागद पाळला.

पोरांनी ऐकलं. तिरडी ओढ्यातून नेली. पाणी कंबरेच्या वर होतं, खांदेकऱ्यांचे पाय सरत होते, एकदा तिरडी एका बाजूला इतकी कलली की बायका ओरडल्या. शेतमालकाची माणसं बांधावर उभी राहून बघत होती. लाकडं भिजलेली. चिता धरेपर्यंत अंधार झाला. नातू माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी बरोबर सांगितलं की नाही, हे तुम्ही मला आडून विचारता, म्हणून थेट सांगते. कायद्याच्या बाजूनं बरोबरच सांगितलं. पुढे स्थगिती उठली, वाट खुली झाली, एकाही पोरावर गुन्हा नाही. पण महाडच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल 1937 साली लागला, हे मी त्या दिवशी काट्यांपाशी सांगितलं नव्हतं. जवळजवळ दहा वर्षं. म्हातारीच्या तिरडीसमोर उभं राहून दहा वर्षं हा शब्द कुणाला तोंडातून काढता येईल?

काही महिन्यांनी तोच नातू माझ्या टेबलासमोर बसला आणि त्यानं 1949 चं तेच भाषण माझ्यापुढे ठेवलं. मी त्याला त्यातला ‘अराजकाचं व्याकरण’ हा भाग दाखवायचे: संवैधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सोडून द्या. त्यानं ‘खुले असताना’ या शब्दांवर बोट ठेवलं. मग खाली सरकला. राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती लवकरात लवकर दूर केली पाहिजे, नाहीतर विषमतेचे चटके सोसणारे लोक हा लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. ‘‘लवकरात लवकर म्हणजे कधी, ताई? आणि मार्ग खुला आहे हे ठरवणार कोण? ओढ्यात उतरणारा की बांधावर उभा असलेला?’’

मी त्याला सांगितलं की काट्या उपसायचा हक्क तुला दिला, तर तो बांधावरच्या माणसालाही मिळतो, आणि त्याच्याकडे माणसं जास्त आहेत. बाबासाहेबांना हे माहीत होतं. म्हणूनच थोडक्या माणसांना कायदा जास्त लागतो. तो म्हणाला, हे खरं आहे, पण त्या दिवशी बांधावरच्या माणसानं कायदा पाळला नव्हता तरी त्याचं काहीच बिघडलं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

वाट आता पायी जाण्यापुरती आहे. पावसाळ्यात शववाहिका आत जात नाही. रुंदीकरणाचा अर्ज मी टाकला आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. नातू म्हणतो, या वेळी तारखेला वस्तीतली सगळी माणसं तहसीलच्या दारात बसतील, शांतपणे, रस्ता न अडवता, पण बसतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याला थांबवलेलंही नाही.