बॅनर नको, दळण आणा

आगमनकाळाचा दुसरा रविवार

नाताळाआधीच्या चार रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती लावतो, त्यातली आज दुसरी लागली. मंडळी बऱ्यापैकी भरली होती. डिसेंबर लागला की वर्षभर तोंड न दाखवणारी घरंही बाकांवर दिसायला लागतात. अशा वेळी "कुठे होतात?" असं विचारायचं नसतं. "सलाम" म्हणायचं आणि सरकून जागा करून द्यायची. आमचे हे मंडळीचे पाळक. ह्यांनी लूकच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश केला. लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही करावं तरी काय? तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या. उपदेश चांगला झाला. जरा लांबला, पण घरी आल्यावर मी तसं बोलले नाही.

अंगरख्याचा परिणाम लगेच दिसला. उपासनेनंतर पंचांची बैठक व्हरांड्यात बसली आणि सेक्रेटरीने ब्लँकेटवाटपाचा विषय काढला. कॅनॉलच्या कडेला ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, थंडी मी म्हणतेय, नाताळच्या आधी वाटप करून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने मोबाइल फिरवला. फ्लेक्सचं डिझाइन तयारच होतं. वर चांदणी, मधे मंडळीचं नाव आणि खाली पाळकसाहेबांसकट सगळ्या पंचांचे फोटो. कोपऱ्यात मीही होते, कुठल्याशा महिला मेळाव्यातली, डोळे मिटलेली.

पोरगा वाईट नाही. तरुण संघ त्याच्यामुळेच उभा आहे, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिला फोन त्यालाच जातो. पण शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीने नाक्यावर फ्लेक्स लावल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा नाही.

आमच्यात सगळ्यांत वडील म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊनही त्यांना आता बरीच वर्षं झाली. ते तोवर चहाच्या कपाकडे बघत बसले होते. त्यांचे आजोबा 1899-1900 च्या दुष्काळात पोरवयात मिशनच्या अनाथाश्रमात आले. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची कहाणी अशीच सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं ते 1831 साली. शाळा होत्या, उपदेशक गावोगाव फिरत होते. पण आधी 1896-97 चा आणि त्यातून सावरतोय तोच हा, असे लागोपाठ दोन दुष्काळ आले आणि मिशनच्या दारात उपाशी माणसांची रीघ लागली.

गुरुजी म्हणाले, "आमच्या आज्याला मिशनने जगवलं. ते उपकार मी मरेपर्यंत नाकारणार नाही. पण मी मास्तर झालो तरी स्टाफरूममध्ये पाठीमागून ऐकलंय, ज्वारीच्या पोत्यासाठी धर्म सोडला यांच्या लोकांनी. तीन पिढ्या ते पोतं आमच्या पाठीवर आहे. आता आपण ऊसतोडवाल्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकायचं आणि मागे आपल्या नावाची पाटी धरून फोटो काढायचा? मला नाही जमायचं."

कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरीने मोबाइल खिशात घातला. शेवटी ठरलं की आधी तिथे जाऊन त्यांना काय हवंय ते तरी विचारावं. काम आलं माझ्यावर आणि महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंवर, कारण "बायका बायकांशी मोकळं बोलतात". काम आमच्या गळ्यात घालताना मंडळीला असं एखादं कारण कायम सापडतं.

सोमवार

दिवसा जाऊन उपयोग नव्हता, कोप्यांमध्ये लहान पोरं आणि एकदोन म्हाताऱ्या सोडल्या तर कुणी नसतं. म्हणून अंधार पडल्यावर गेलो. बांबूच्या कांबी वाकवून त्यावर पाचट आणि ताडपत्री टाकलेली, अशा कोप्यांची रांग. आत वाकूनच शिरावं लागतं. वीज नाही. पाणी कॅनॉलपलीकडच्या एका बोअरवरून आणायचं, तेही शेतकऱ्याच्या मर्जीवर. बायका नुकत्याच फडातून आल्या होत्या आणि आल्या आल्या चुलीला लागल्या होत्या. हातांवर उसाच्या पात्याचे बारीक कापे, एकीच्या तर मनगटापासून कोपरापर्यंत रेघाच रेघा.

ब्लँकेटचं विचारलं तर एक आष्टीकडची म्हणाली, "दिवाळीच्या टायमाला येक संस्था देऊन गेली बाई. आन गोधड्या हायेतच." मग दुसरी, पाथर्डीची, चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "दळणाचं काय बघता का?"

आम्हाला आधी कळेचना. तिने समजावून सांगितलं. पहाटे चारला निघायचं, परत येईतो रात्र. गिरणी उघडते नऊला, बंद होते सातला. म्हणजे गिरणी चालू असताना ह्या फडात आणि ह्या आल्या की गिरणीला कुलूप. दळणासाठी एक दिवस घरी राहावं तर मुकादम खाडा धरतो. नवराबायको मिळून एक कोयता. बायको गिरणीवर गेली की कोयता अर्धा झाला, आणि पैसे जातात ते अख्ख्या कोयत्याचे. उचल आधीच घेतलेली, ती फिटल्याशिवाय सुटका नाही. त्यामुळे गावाकडून आणलेली बाजरी पोत्यात तशीच राहते आणि ह्या किराणा दुकानातून दुप्पट भावाने पिठाची पुडकी आणतात, नाहीतर भात टाकतात. "भातानं जीव ऱ्हात न्हाई वो," ती म्हणाली. "मोळी डोक्यावर घिऊन ट्रकाच्या फळीवर चढायचं आसतंय."

अध्यक्षीणबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "उद्या सकाळी पिशव्या भरून ठेवा." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा स्वभावच तो.

बुधवार

काल दळण गेलं, आज पुन्हा गेलं. तरुण संघातल्या एकाच्या टेम्पोतून पिशव्या आणल्या. लिहितावाचता येत नाही म्हणून कुणाच्या पिशवीवर नाव नाही, पण खुणा अशा की चुकायची सोय नाही. एकीने तोंडाला लाल चिंधी बांधलेली, दुसरीने फुटक्या बांगडीचा तुकडा दोऱ्यात ओवून, तिसरीने नवऱ्याच्या जुन्या शर्टाची अख्खी बाही. पिशवीच्या तोंडाशीच दळणाचे पैसे, पदराच्या गाठीसारखे घट्ट बांधलेले. आम्ही ते देऊ असं म्हटल्यावर पाथर्डीची ऐकेनाच. "आम्ही काय मागाया बसलोय का? फकस्त न्यायचं न् आनायचं बघा." मला ते आवडलं. आपलं काम फक्त वाहतुकीचं, हे एकदा ठरलं की दोन्हीकडची मान सरळ राहते.

गिरणीवाला मात्र वैतागला. एकदम एवढी बाजरी, त्यात मधे कुणाचे गहू, कुणाची ज्वारी. प्रत्येक वेळी आधीचं पीठ झाडून काढावं लागतं, नाहीतर गव्हात बाजरीची काळपट झाक येते आणि गावातली गिऱ्हाइकं भांडायला येतात. "चर्चचं काम म्हणून मी काही कमी करणार नाही," त्याने आधीच बजावलं. कमी करा असं आम्ही म्हटलंच नव्हतं. मग त्यानेच तोडगा काढला: दुपारी एक ते तीन गिरणी रिकामी असते, तेव्हा आणा, आधी सगळी ज्वारी, मग सगळी बाजरी, गहू दुसऱ्या दिवशी. माणूस कुरकुऱ्या, पण डोकं चालतं त्याचं.

मी थांबले होते तेव्हा पाळ्यातून ताजं पीठ पडत होतं, तळहातावर घेतलं तर चटका बसेल इतकं गरम. असं पीठ तसंच पिशवीत दाबून बांधलं तर त्याला वास लागतो हे मला माहीत होतं. म्हणून गिरणीच्या ओट्यावर पेपर पसरून ते गार होऊ दिलं. पाळकबाईच्या कामांच्या यादीत हे कुठे लिहिलेलं नाही. तशी यादीही कुठे नाही म्हणा. पगार एकाचा, माणसं दोन, हे प्रत्येक मंडळीने गृहीतच धरलेलं असतं.

शुक्रवार

सकाळी दोघं बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आले. रजिस्टरमधलं जुनं पान इतकं जीर्ण की ह्यांनी पट्टीने धरून उलटलं. दुपारी एका आजींचा अंत्यविधी. संध्याकाळी कॅरल फेरीचं वेळापत्रक ठरवताना भांडाभांडी: प्रत्येक वाडीला पहिली रात्र हवी, शेवटची कुणालाच नको, कारण तोवर गाणाऱ्यांचे घसे बसलेले आणि शंकरपाळे संपलेले. तरुणांना गिटार हवी, म्हाताऱ्यांना टाळ-पेटी. दोन्ही घ्या म्हटलं. झोपायला बारा.

शनिवार, रात्री

दळण पोचवायला गेलो तर आष्टीच्या बाईचं लेकरू तापाने फणफणलेलं. छातीत घरघर. दोन दिवस तसंच होतं. खाड्याच्या भीतीने दवाखाना टळलेला. आजीला आणि पोराला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषधं दिली, उद्या परत दाखवा म्हणाल्या. परत कोपीवर सोडलं तेव्हा आई फडातून आलेली होती. पोर तिच्या मांडीवर दिलं आणि मी निघणार, तोच ती म्हणाली, "बाई, तुमच्यात डोक्यावर हात ठिवून प्रार्थना करतेत म्हनं. माझ्या लेकरासाठी करा की."

माझे पाय जागच्या जागी थांबले. गुरुजींचं पोतं डोळ्यांपुढे आलं. हल्ली तर कुठे कोण मोबाइल धरून उभा असेल सांगता येत नाही. उद्या एवढंच फिरेल की औषध दिलं आणि वर प्रार्थना केली. मी म्हटलं, "करते हं, नक्की करते," आणि घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून केली. मनापासून केली.

ह्यांना सांगितलं तर ते चिडले. फार क्वचित चिडतात. "तिने मागितलं होतं. मागणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?"

मी म्हटलं, "ती अडचणीत आहे. अडलेल्या माणसाने मागितलेलं खरं मागणं असतं का? पोर बरं झाल्यावर मागितलं असतं तर मी लगेच हात ठेवला असता."

"अडल्यावरच तर माणूस मागतो. याईराने येशूकडे कधी मागितलं? मुलगी मरायला टेकल्यावरच ना?"

याईराचा दाखला दिला की मला बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. आमच्या हातात त्या बाईचं दळण आहे, टेम्पो आहे, दवाखान्याची ओळख आहे. हात तिच्या पोराच्या डोक्यावर जाईल तेव्हा हे सगळं वजन त्यात असणारच. ह्यांना वाटतं मी लोक काय म्हणतील याला भ्याले. तेही थोडं असेल. दिवा मालवला तरी दोघंही जागे होतो.

तिसरा रविवार

मध्यस्थीच्या प्रार्थनेत ह्यांनी आजाऱ्यांची नावं घेतली आणि शेवटी म्हणाले, "कॅनॉलवरच्या एका लेकरासाठी." नाव नाही घेतलं. मला वाटलं, माझ्याखातर.

उपासनेनंतर गुरुजी काठी टेकत सरळ ह्यांच्याकडे आले. आता काय ऐकावं लागतं कोण जाणे, म्हणून मी जवळच उभी राहिले.

"त्या पोराला नाव नाही का?"

ह्यांनी सांगितलं, "आहे. पण तुम्हीच त्या दिवशी..."

"मी फ्लेक्सवर नाव नको म्हणालो होतो. आपलं. त्या पोराचं नाव देवापुढे घ्यायला कुणी अडवलंय? आमच्या आज्याचं नाव त्या अनाथाश्रमात कुणीतरी रोज घेत असणार, म्हणून तर मी इथे काठी टेकत उभा आहे."

हे माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. त्याबद्दल आभार. पण गुरुजींचं म्हणणं नेमकं कुणाच्या बाजूने पडलं हे मी दुपारभर उलटंपालटं करून पाहतेय. चर्चमध्ये, त्या बाईच्या पाठीमागे घेतलेलं नाव म्हणजे माझ्या ओट्याशी केलेल्या प्रार्थनेसारखंच की. हे म्हणतात, तसं नाही, ते अख्ख्या मंडळीने घेतलेलं. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, फक्त आवाज खाली आलाय.

पोराचा ताप उतरलाय. संध्याकाळी ते पाचटावर बसून उसाचं कांडं चोखत होतं आणि आजी त्याच्यावर ओरडत होती की खोकला परत येईल.

मंगळवार

सकाळी टेम्पो गेला तर कोप्या नाहीत. इकडचा फड संपला, कारखान्याची चिठ्ठी दुसरीकडची निघाली, रात्रीतून टोळी हलली. जमिनीवर चुलींचे काळे डाग आणि ताडपत्रीच्या खुंट्यांची भोकं. सोमवारी दळलेल्या तीन पिशव्या गिरणीवरच राहिल्या होत्या, त्यांतली एक शर्टाच्या बाहीची.

गिरणीवाला म्हणाला, "आता काय, घेऊन टाका तुम्हीच." अध्यक्षीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाळं झाडायला आत निघून गेला.

सेक्रेटरीने मुकादमाचा नंबर कुठून तरी काढला. मुकादम आधी सांगेना, त्याला वाटलं आम्ही टोळी फितवतोय. माणसं पळवायला दुसरे मुकादम टपलेले असतात, त्यामुळे त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. पिठाचं आहे म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प झाला, मग म्हणाला, नेवासा रस्त्याला पुलाच्या अलीकडे, आणि येताच आहात तर माझ्याकडचंही एक पोतं दळायचंय.

सेक्रेटरी मोटरसायकलवर तिन्ही पिशव्या बांधून गेला. कॅरलच्या सरावाला उशिरा आला, शर्टावर पांढरं पीठ. सांगत होता की पुलाजवळ आणखी चार टोळ्या उतरल्यात, सगळ्यांची तीच रड, आणि तिथून आपली गिरणी फार लांब पडते. पलीकडच्या गावातल्या आपल्या दोन घरांपैकी एकाचा मेहुणा गिरणी चालवतो म्हणे. उद्या त्याला फोन करायचा आहे, पण गुरुजींनी आधीच सांगून ठेवलंय की दर ठरवताना मला बोलवा, तुम्हाला घासाघीस येत नाही.