मराठी इंटरप्रिटर: अपूर्णांकी पायरीचा लूप मार्गी लागला

मराठीत लिहिलेला प्रोग्राम चालवणाऱ्या माझ्या इंटरप्रिटरवर लातूरच्या आडतीवर लावायला सोयाबीनच्या ओलाव्याचा तक्ता हवा होता. मीटर ०.१ टक्क्याच्या फरकाने आकडा दाखवतो, म्हणून लूपही, म्हणजे दर फेरीला क मध्ये पायरी मिळवत तेच काम पुन्हा करणारा भागही, तसाच:

क = १० पासून १२ पर्यंत पायरी ०.१

ओळी २१ छापल्या, म्हणजे फेऱ्या बरोबर. पण शेवटच्या फेरीत क होता ११.९९९९९९९९९९९९९९३. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ही महत्त्वाची रेघ, आणि ‘क = १२ असेल तर’ ही अट काही लागली नाही. मग १ पासून २ पर्यंत चालवून पाहिलं. तिथं २ ची फेरीच गळाली, लूप १.९००००००००००००००८ वर संपला.

पायरी तीच, तरी एकीकडे आकडा खाली घसरतो आणि दुसरीकडे वर चढतो. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच. डबलमध्ये, म्हणजे संगणक अपूर्णांक ६४ बिटांत साठवतो त्या प्रकारात, ०.१ नेमका बसत नाही, तो ०.१००००००००००००००००५५५... असा साठतो. १ ते २ मध्ये शेजारच्या दोन संख्यांतलं अंतर २ चा उणे ५२ वा घात, तर ८ ते १६ मध्ये त्याच्या आठपट. त्या अंतराने ०.१ मोजला की पहिल्या पट्ट्यात ०.६२५ उरतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त, म्हणून प्रत्येक बेरीज वर ढकलली जाते. दुसऱ्यात जेमतेम ०.२ उरतो, तो दर वेळी कापला जातो.

शेवटच्या मर्यादेत अर्धी पायरी मिळवून भागवता येतं, पण मला ते पटत नाही. फेरी वाचते, क वाकडाच राहतो. म्हणून आता फेऱ्या आधीच मोजतो आणि दर फेरीला क = सुरुवात + फेरी × पायरी असा नव्याने काढतो. फोरट्रान ७७ ही जुनी प्रोग्रामिंग भाषा फेऱ्या अशाच आधी मोजायची; तिच्याच फोरट्रान ९५ आवृत्तीने तर अपूर्णांकी लूपचल (इथल्या क सारखा) काढूनच टाकला.

मोजणीतही एक खाच आहे: ०.३ भागिले ०.१ म्हणजे २.९९९९९९९९९९९९९९९६. अपूर्णांक सरळ छाटला तर पुन्हा एक फेरी जाते. म्हणून भागाकार पूर्णांकाला अगदी लागून असेल तर तो पूर्णांकच धरतो.

यात आणखी एक काम झालं. ९००७१९९२५४७४०९९२ मध्ये १ मिळवला तरी डबल तसाच राहतो, त्यामुळे तिथला लूप कधी थांबायचाच नाही. आता थांबतो. पायरी ० दिली तर आधीच चूक दाखवतो. ऋण पायरीच्या चाचण्या तेवढ्या राहिल्यात.