गजर ‘ऑफ’ गेला तेव्हा

शाळेत इंग्रजीच्या परीक्षेत भाषांतरासाठी आलेल्या एका उताऱ्यात ‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह’ असे वाक्य होते. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे पंख्याच्या बटणावरून पक्के ठाऊक असल्यामुळे मी बिनदिक्कत ‘पाच वाजता गजर बंद पडला’ असे लिहिले आणि मग तो गृहस्थ पहाटेच्या गाडीला वेळेवर पोहोचला तरी कसा, या कोड्यात बराच वेळ घालवला. गजर बंद पडला नव्हता. चांगला खणखणीत झाला होता.

‘गो ऑफ’चा हा खोडसाळपणा एवढ्यावर थांबत नाही. दिवे ‘ऑफ’ गेले की विझतात, बॉम्ब गेला की फुटतो, ब्रिटिशांच्या घरातले दूध गेले की नासते. आणि चहावरून मन उडाले, तर ‘ऑफ’ जातो तो चहा नव्हे, पिणारा. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदाला असे शेपूट जोडण्याची पद्धत परक्यांना सर्वांत अवघड जाते, हे मान्य करून ठेवले आहे. (ही कबुली त्या परीक्षकांना दाखवायला हवी होती.)

‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हा मुळात एकच शब्द, आणि त्याचा जुना अर्थ ‘पासून दूर’. पंख्यापासून वीज दूर झाली की पंखा थांबतो, हे सरळच आहे. पण चावीच्या घड्याळात गजराची ताणलेली स्प्रिंग एका खिट्टीने अडवून धरलेली असते आणि ठरल्या वेळी ती खिट्टी दूर झाली की घंटा वाजू लागते. अडसर निघाला की काही गोष्टी संपतात आणि काही सुरू होतात.

हे कळल्यावर मला आपले ‘सुटणे’ आठवले आणि इंग्रजीवरचा राग बराच निवळला. वारा सुटतो तेव्हा वाहू लागतो, नोकरी सुटते तेव्हा संपते, कोडे सुटते तेव्हा उलगडते आणि पोट सुटते तेव्हा काय होते ते सांगायला नको. गाडी सुटली म्हणजे निघाली. ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे बहुधा चुकली. फलाटावरच्या घोषणा ऐकून मराठी शिकलेल्या एखाद्या परक्याने ‘पाच वाजता शाळा सुटली’ हे वाक्य वाचले, तर भर संध्याकाळी मुले दप्तरे घेऊन वर्गात का शिरत आहेत, या विचारात तोही परीक्षेची तेवढीच मिनिटे घालवील.