फोनच्या पाठीमागचे घर

आमच्या घरी परदेशातला फोन उभ्याने घ्यायची पद्धत होती. नारायणगावात अण्णांचे औषधांचे दुकान असल्यामुळे ऐंशीच्या दशकातही आमच्याकडे फोन होता, आणि लंडनला असलेल्या काकांचा फोन वर्षातून दोनदा यायचा : एक दिवाळीला आणि दुसरा आजोबांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी. घंटा नेहमीपेक्षा लांब वाजली की अण्णा हातातला पेपर बाजूला ठेवून उभे राहत, घसा साफ करत आणि तार वाचून दाखवावी तसे बोलत. प्रकृती उत्तम, पाऊस समाधानकारक, आईचे गुडघे आहेत तसेच. तेवढ्या वेळात आम्ही मुलांनी हालायचे नाही, स्वयंपाकघरात भांडे वाजवायचे नाही आणि झोपाळा तर हाताने धरून ठेवायचा, असा दंडक होता, कारण मिनिटाला लागणाऱ्या पैशांत आमचा गोंगाट लंडनला पाठवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

त्या फोनचा रस्ता आम्हाला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. जुन्नर तालुक्यातल्याच आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भू-केंद्र उभे राहिले होते, विक्रम साराभाईंच्या नावाचे. आणि तिथली अवाढव्य पांढरी छत्री आम्ही शाळेच्या सहलीत लांबून पाहिली होती. काकांचा आवाज त्याच छत्रीत पडतो, असे अण्णा खात्रीने सांगत. त्या उपग्रहाची उंची सुमारे ३६,००० किलोमीटर, म्हणजे आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागणार आणि उत्तराला परतायला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदात अण्णांना वाटे की ऐकू गेले नाही, म्हणून ते पुन्हा बोलत; तोवर काकांचे उत्तर येऊन धडके, आणि दोघेही थांबत. प्रकृती उत्तम असल्याचे त्यामुळे दोनदा सांगितले जाई.

२००६ साली मी कामासाठी तीन महिने जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेले, तेव्हा उभ्याने बोलायची ती सवय माझ्याही अंगात होती. तिथल्या स्टेशनाच्या आसपास फोनची दुकाने होती. काचेवर देशोदेशींची नावे आणि त्यांपुढे मिनिटाचे दर लावलेले असत, आत लाकडी खोपटी असत आणि प्रत्येक खोपटीत कोणी ना कोणी आपापल्या भाषेत मोठ्याने घराची विचारपूस करत असे. आपल्याकडच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथची मला तिथे हटकून आठवण व्हायची, कारण बोलण्यापेक्षा समोरच्या वाढत्या आकड्याकडे लक्ष देणारी माणसे दोन्हीकडे सारखीच होती. एका सहकाऱ्याने मग माझ्या लॅपटॉपवर स्काइप घालून दिले. ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि मुख्यतः एस्टोनियातल्या मंडळींनी लिहिलेल्या या प्रणालीत संगणकावरून संगणकाशी फुकट बोलता येई. पण आमच्या घरी संगणक कुठला? मला उपयोग झाला तो दुसऱ्या सोयीचा. थोडे पैसे आधी भरले की लॅपटॉपवरून थेट माजघरातल्या काळ्या फोनची घंटा वाजवता येत असे, आणि तीही हॉटेलच्या खोलीतल्या फोनच्या मानाने कितीतरी स्वस्तात.

आईला हे पटवणे अवघड गेले. पहिले पंधरा दिवस तिचे प्रत्येक बोलणे, "ठेवते ग आता, तुझे पैसे जात असतील," या वाक्याने सुरू होई. शेवटी नव्हे, सुरुवातीलाच. मी दर सांगितला, त्याचा रुपयांत हिशेब करून सांगितला, तरी परदेशातला फोन आणि स्वस्त हे दोन शब्द एका वाक्यात बसतात, यावर तिचा विश्वास बसेना.

मग एका संध्याकाळी, तिच्याकडची संध्याकाळ, माझ्याकडे दुपारचा एक वाजला होता, ती बोलता बोलता "अगं थांब, दूध!" म्हणाली आणि रिसीव्हर टीपॉयवर आडवा ठेवून स्वयंपाकघरात धावली. परतायला तिला पाच-सहा मिनिटे तरी लागली असतील, कारण दूध उतू गेलेच होते आणि ओटा पुसल्याशिवाय ती येणार नव्हती. एरवी त्या मिनिटांचा हिशेब करत मी तळमळले असते. त्या दिवशी मात्र कानाला हेडफोन लावून मी नुसती बसून राहिले. आधी झोपाळ्याची करकर आली, म्हणजे अण्णा दुकानातून आले होते. मग शेजारच्या घराचे फाटक वाजले. नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न, कोणाला तरी "ताई, जुनं पेपर-रद्दी" असे विचारणारा आवाज, आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी. स्टुटगार्टमधल्या खोलीत मला एवढे बरे त्याआधी एकदाही वाटले नव्हते. आई परत येऊन "अगं, अजून आहेस? ठेवला नाहीस?" म्हणाली, तेव्हा मला उगीचच चोरी पकडल्यासारखे झाले. त्यानंतर मी मुद्दाम दूध तापवायच्या वेळेलाच फोन करू लागले. मार्चअखेर तिकडची घड्याळे एक तास पुढे गेली आणि साडेचार तासांचे अंतर साडेतीन तासांवर आले, तेव्हा दोन दिवस माझे दूध चुकले.

आवाज हा असा कसा येतो, ते मी पुढे समजून घेतले. आपले बोलणे एका सेकंदाला सहसा पन्नास या हिशेबाने तुकड्यांत कापले जाते, आणि प्रत्येक तुकडा पत्ता चिकटवलेल्या पाकिटासारखा मोकळा सोडला जातो. सगळी पाकिटे एकाच वाटेने किंवा क्रमाने पोहोचतील असे नाही, म्हणून पलीकडची प्रणाली थोडी थांबून ती रांगेत लावते. फार उशिरा आलेले पाकीट सरळ टाकून देते आणि त्या जागी आधीच्या आवाजावरून अंदाजाने काहीतरी भरते. आईचा "बरं का" कधी कधी "बबबरं का" असा यायचा, त्यातला मधला "ब" तिचा नसून संगणकाचा होता. माणूस गप्प बसला की पाठवायला काही उरत नाही, तेव्हा पुष्कळशा प्रणाली पाठवणे जवळजवळ बंदच करतात. पण अगदी शुकशुकाट झाला तर ऐकणाऱ्याला फोन तुटल्याची शंका येते, म्हणून त्याच्या कानाशी यंत्र स्वतःच एक बारीक खरखर तयार करते. इंजिनिअर लोक तिला दिलाशाची खरखर अशा अर्थाचे नाव देतात. आपल्या गप्प बसण्याचीसुद्धा नक्कल करून देणाऱ्या या मंडळींचे कौतुक करावे की त्यांच्याशी भांडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

स्वस्त फोनला सरकारे कशी बिचकतात, हेही प्रवासात दिसले. दुबईत विमान बदलताना घरी व्हॉट्सअॅपवर निरोप गेला, फोटो गेला, पण फोन काही केल्या लागेना. तिथे बोलण्यासाठी परवानगी असलेले वेगळे अॅप घ्यावे लागते, हे शेजारी बसलेल्या केरळच्या गृहस्थांनी सांगितले. आपल्याकडेही इंटरनेटवरून परदेशी फोन करायला १ एप्रिल २००२ पासून मोकळीक मिळाली, पण देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनला जोडणे नियमात बसत नव्हते, आणि नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपने ती सोय भारतात बंद केली. म्हणजे जर्मनीतून नारायणगावच्या काळ्या फोनची घंटा वाजत होती, पुण्यातून मात्र वाजत नव्हती. ५ मे २०२५ रोजी तर मायक्रोसॉफ्टने स्काइपच बंद केले, पण तोवर आमचा काळा फोनही उरला नव्हता.

आईच्या हातात स्मार्टफोन आला आणि पैशांचा प्रश्न मिटला. हॉटेलचे वाय-फाय असले की तासभर बोला, चेहरा पाहा, कोणी विचारत नाही. एवढे सगळे मिळाले, आणि घर ऐकू येईनासे झाले. आधी मला वाटले, आई दार लावून बोलत असेल. पण समोर पडद्यावर तिच्या मागे कुकरची वाफ दिसायची आणि शिट्टी ऐकू यायची नाही. पंखा गरगरताना दिसायचा, पण त्याची घरघर नाही. नव्या प्रणालींना माणसाचे बोलणे तेवढे ओळखायला शिकवलेले असते, आणि उरलेले सगळे त्या फोनमधून बाहेर पडण्याआधीच पुसून टाकतात. आम्हा मुलांना गप्प बसवायला अण्णांना डोळे वटारावे लागत. हे काम आता कोणी न सांगता होत होते. अण्णा त्या वेळी नव्हते, त्यामुळे झोपाळाही तसा वाजत नव्हताच, पण वाजला असता तरी मला कळले नसते.

यावरचा उपाय मला सापडला नाही, तो आईला सापडला. २०२० च्या टाळेबंदीत तिचे भजनी मंडळ झूमवर गेले. हरिपाठ सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. एकीचा आवाज दुसरीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ बोलताना जाणवत नाही, गाताना लगेच जाणवतो. म्हणणारीचे चरण संपले तरी मागून साथ करणाऱ्या मागेच, आणि शेवटी एकीने म्हणायचे, बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून घरच्या घरी साथ करायची, असे ठरले. पण त्याहून मोठी तक्रार अशी होती की टाळ कोणालाच ऐकू येत नव्हते. झूमच्या हिशेबी टाळ म्हणजे गोंगाट. मंडळातल्या एकीच्या नातवाने मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय शोधून दिली. ती चालू केली की मूळ आवाज काटछाट न होता पुढे जातो. त्या दिवसापासून मंडळात तिचे नाव "टाळांचं बटण" असे पडले.

गेल्या हिवाळ्यात मी लिस्बनमध्ये होते. बाहेर पाऊस होता, आणि मी आईला सहज म्हणाले की तुझा आवाज अगदी स्टुडिओतून आल्यासारखा येतो, घर काही येत नाही. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "मग झूमवर ये. टाळांचं बटण दाबते."

आधी पंख्याची घरघर आली, मग रस्त्यावरचा ट्रक. माझ्याशी बोलता बोलताच तिने कुकर लावला होता, आणि मी नकळत शिट्ट्या मोजू लागले. तिसऱ्या शिट्टीला ती उठली आणि तिने गॅस बंद केला, म्हणजे आत डाळ असणार.