तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या फॉर्मवर ‘रेस’च्या रकान्यात आपण कुठे?

‘एशियन’. खाली पोटप्रकार दिले असतील तर ‘एशियन इंडियन’. अमेरिकेत नव्याने आलेली मराठी मंडळी शाळेचा किंवा नोकरीचा फॉर्म भरताना हे हमखास विचारतात, आणि व्हिसाही सांगू लागतात. त्याचा इथे संबंध नाही. प्रश्न तुमचं मूळ कुठलं एवढाच आहे, नागरिकत्वाचा नाही.

सगळ्यात मोठा घोळ ‘अमेरिकन इंडियन’पाशी होतो. आपण इंडियन, राहतो अमेरिकेत, लावली खूण! तो रकाना नवाहो, चेरोकी अशा तिथल्या मूळ रहिवाशांचा. बऱ्याच फॉर्मवर त्याच्याखाली जमातीचं नाव मागतात. तिथे ‘मराठा’ किंवा ‘कोकणस्थ’ लिहायचा मोह झाला, तर चौकट चुकली म्हणून समजा.

‘आपण आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे व्हाइट’ हा युक्तिवाद कोर्टात कधीच हरलाय. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले पंजाबचे भगतसिंग थिंड तो घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सामान्य माणूस ज्यांना गोरे म्हणतो त्यांत हे बसत नाहीत, असं म्हणत न्यायालयाने 1923 मध्ये त्यांना नागरिकत्व नाकारलं. भारतीयांना ती वाट 1946 च्या कायद्याने मोकळी झाली. जनगणनेची तऱ्हा आणखी न्यारी. 1920 ते 1940 च्या नोंदींत आपल्याकडच्यांची रेस ‘हिंदू’, मग माणूस शीख असो की मुसलमान. 1970 मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि 1980 पासून ‘एशियन इंडियन’ झाले. एकाच घराण्याच्या जुन्या कागदांवर तीन रेस दिसल्या, तर दर वेळी कारकुनाला दोष देऊ नका.

गोव्याच्या डिसोझा-फर्नांडिस मंडळींना आडनावावरून ‘हिस्पॅनिक’ धरलं जातं. सरकारी व्याख्येत तो शब्द स्पॅनिश वारशाचा आहे, पोर्तुगीज नव्हे. त्यांनीही ‘एशियन इंडियन’च निवडावं. हिस्पॅनिकचा प्रश्न पूर्वी वेगळा असे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने तो रेसच्या प्रश्नातच मिसळला आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिकेसाठी नवा रकाना काढला. जुने-नवे दोन्ही नमुने भेटतील, म्हणून आधी प्रश्न नीट वाचा.

आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर मुलासाठी दोन खुणा चालतात. जनगणनेत 2000 पासून ही सोय आहे. नोकरीत हा प्रश्न ऐच्छिक असतो, पण मोठ्या कंपन्यांना सरकारला आकडे द्यावे लागतात. तुम्ही कोरं सोडलंत, तर त्या नुसतं बघूनही तुमची नोंद करू शकतात. त्यापेक्षा आपणच भरलेलं बरं.

मराठीपणाला रेसमध्ये जागा नाही. ती जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या नमुना पाहणीत आहे: घरी इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलता? तिथे ‘मराठी’ असंच लिहा. ‘इंडियन’ लिहिलंत तर मराठी भाषकांच्या आकड्यात तुम्ही येत नाही.